घराच्या आवारातील हौद

झाडांवरून गावांना नावे पडतात. मावळात वडगाव आहे, नवलाख उंबरे आहे. पुण्याजवळ चिंचवड आहे. अशी नावे ऐकली म्हणजे तेथे कोणे एके काळी कोणत्या झाडांची दाटी असेल, याचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. घराण्यांचेही कधी कधी असेच होते. सातारा जिल्ह्यातील कटगुण गावचे गोऱ्हे नावाचे एक माळी कुटुंब पुढे पुण्यास आले आणि फुलांच्या धंद्यावरून सारे शहर त्यांस फुले म्हणू लागले. मूळचे आडनाव लोपले, फुलांचे नाव मात्र राहिले. याच घराण्यात 11 एप्रिल 1827 रोजी जोतीरावांचा जन्म झाला.

जोतीरावांचे आजोबा शेटीबा हे कटगुण सोडून आलेल्या घराण्याबरोबर प्रथम पुरंदरच्या मुलखात खानवडीस राहत होते. तेथे दैन्य आले, म्हणून ते मुलांना घेऊन पुण्यास आले. राणोजी, कृष्णा व गोविंद ही ती तीन मुले. एका फुलमाळ्याने त्यांना हाताशी घेतले आणि आपली कला शिकविली. मुलांचा हात चांगला बसला. फुलांचे हार, तुरे आणि गजरे तर ते करीतच. परंतु फुलांच्या गाद्या आणि गालिचे विणण्यातही ते निष्णात झाले. त्यांची कीर्ती पेशव्यांच्या वाड्यापर्यंत पोहोचली. पेशव्यांनी प्रसन्न होऊन फुलबागेसाठी सुमारे 35 एकर जमीन त्यांना इनाम दिली. पुढे ही जमीन थोरल्या राणोजीने एकट्यानेच बळकावली. धाकट्या गोविंदरावांच्या वाट्याला काही आले नाही. त्यांनी स्वतःच्या कष्टावर फुलांचे व भाजीपाल्याचे दुकान थाटले आणि मळा पिकवून संसार उभा केला.

जोतीरावांची आई चिमणाबाई त्यांच्या तान्हेपणीच वारली. गोविंदरावांनी दुसरे लग्न केले नाही. सगुणाबाई नावाच्या नात्यातील एका स्त्रीने या मुलाला वाढविले. सातव्या वर्षी तो शाळेत जाऊ लागला. पण त्या काळी माळ्याच्या मुलाने शिकावे, हे पुष्कळांना रुचत नसे. शिकून मुलगा शेतीच्या कामाचा राहणार नाही, असे दुकानातील कारकुनाने गोविंदरावांच्या मनात भरविले. वडिलांनी पाटी काढून घेतली आणि मुलाच्या हाती खुरपे दिले.

खुरपे हातात आले, ते काही वाया गेले नाही. बागकाम ही एक मोठी शाळाच असते. त्या वेळी पुण्याच्या आसपासच्या बागा विहिरीवर भिजत. बैल धावेवरून उतरू लागले की भरलेली मोट वर येई, तिचे पाणी थारोळ्यात पडे आणि तेथून पाटाने बागेत जाई. बागेत लहान लहान वाफे पाडलेले असत. एक वाफा भिजला की फावड्याने मातीचा बांध घालून त्याचे तोंड बंद करावयाचे आणि पुढच्या वाफ्याचे तोंड उघडावयाचे. यालाच दारे धरणे म्हणतात. काम दिसावयास सोपे असते, परंतु त्यात हयगय चालत नाही. पाटाच्या तोंडाशी असलेल्या वाफ्यात पाणी तुंबले तर तेथील रोपे कुजतात आणि शेवटच्या वाफ्यातील रोपे उन्हाने माना टाकतात. पाणी तेच, विहीरही तीच. ते सर्वांच्या मुळाशी पोहोचते की नाही, एवढाच प्रश्न असतो. माळ्याच्या पोराला हे कोणत्याही पुस्तकावाचून कळते.

फुलझाडांची तऱ्हा आणखी निराळी. मोगऱ्याला उन्हाळा मानवतो. झेंडूचे रोप पावसाळ्यात लावावे, तेव्हा दसऱ्याला त्याची फुले हाती येतात. शेवंतीचा बहर थंडीत. गुलाबाची छाटणी वेळेवर केली नाही, तर झाड नुसतेच वाढते आणि फुले मात्र कमी येतात. फुले तोडावयाची ती पहाटे, ऊन चढण्यापूर्वी. आणि दुपारच्या आत ती गिऱ्हाइकाच्या घरी पोहोचावयास हवीत. दुसऱ्या दिवशी त्यांना कोणी विचारीत नाही. अशा धंद्यात आळसाला जागाच नव्हती.

जोतीराव दिवसा मळ्यात राबत. पण रात्री दिव्याच्या उजेडात त्यांचे वाचन चाले. शेजारी राहणारे उर्दू-फारसीचे शिक्षक गफार बेग मुन्शी आणि लिजिट नावाचे इंग्रज गृहस्थ यांच्या ध्यानात ही गोष्ट आली. अशा बुद्धिमान मुलाला शाळेबाहेर ठेवणे बरे नव्हे, असे त्यांनी गोविंदरावांना पटवून दिले. 1841 साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, जोतीराव पुन्हा शाळेत गेले. ही शाळा स्कॉटिश मिशनची होती. तत्पूर्वी वर्षभर आधी नायगावच्या सावित्रीबाईंशी त्यांचे लग्न झाले होते.

आपण शिकलो आणि घरातील स्त्रिया मात्र अज्ञानात राहिल्या, हे जोतीरावांना पटेना. सावित्रीबाई आणि सगुणाबाई यांना त्यांनी शिकविण्यास प्रारंभ केला. मळ्यातील आंब्याच्या सावलीत ही शाळा भरे आणि काडीने मातीत अक्षरे गिरविली जात, असे सांगतात. त्या मातीतून पुढे मोठे पीक आले. 1848 साली पुण्याच्या बुधवार पेठेत भिड्यांच्या वाड्यात जोतीरावांनी मुलींची शाळा काढली आणि सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. रस्त्याने जाताना लोक त्यांच्या अंगावर चिखल आणि शेण फेकीत. सावित्रीबाई पिशवीत दुसरे लुगडे ठेवीत आणि शाळेत पोहोचल्यावर ते बदलून शिकवावयास उभ्या राहत. 1854 साली त्यांचा ‘काव्यफुले’ हा कवितासंग्रह प्रसिद्ध झाला. त्यात पिवळा चाफा, जाई व गुलाब या फुलांवर कविता आहेत.

लोकांच्या दडपणामुळे 1849 साली गोविंदरावांनी मुलासमोर दोनच वाटा ठेवल्या : शाळा सोडावी किंवा घर सोडावे. जोतीराव व सावित्रीबाई यांनी घर सोडले. वडिलांचा मळा, दुकान, आंब्याची सावली, सारेच मागे राहिले. शाळा मात्र थांबल्या नाहीत. मुलींच्या शाळांपाठोपाठ 1852 साली अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांसाठीही त्यांनी शाळा उघडली.

पुढे जोतीरावांचे बिऱ्हाड पुण्याच्या गंज पेठेत स्थिरावले. या पेठेस आता महात्मा फुले पेठ म्हणतात. त्या घराचे आवार फार मोठे होते, असे नाही. पण पुण्यातील मोठमोठ्या वाड्यांच्या चौकांत जे कधी घडले नाही, ते त्या लहानशा आवारात घडले.

त्या काळी पुण्यात पाण्याची सोय नव्हती असे नाही. पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचे पाणी नळाने शहरात आणले होते आणि पेठापेठांतून दगडी हौद बांधले होते. हौद पाण्याने भरलेले असत. परंतु अस्पृश्य म्हणून गणलेल्या माणसांना त्या पाण्याला हात लावण्याची मुभा नसे. घागर घेऊन दूर उभे राहावयाचे, कोणाला दया आली तर त्याने वरून पाणी ओतावयाचे. कोणी आलेच नाही, तर रिकामी घागर घेऊन परत फिरावयाचे. उन्हाळ्यात या लोकांचे जे हाल होत, ते जोतीराव रोज पाहत होते. भरलेल्या पाटाशेजारी सुकणारी रोपे ज्याने लहानपणी पाहिली होती, त्याला हे दृश्य निमूटपणे पाहवले नसेल, यात नवल नाही.

1868 साली जोतीरावांनी आपल्या घराच्या आवारातील हौद या लोकांना खुला केला. कोणीही यावे आणि आपल्या हाताने पाणी भरून न्यावे. त्यासाठी त्यांनी सभा भरविली नाही की कोणाची परवानगी मागितली नाही. हौद स्वतःचा होता, आवार स्वतःचे होते. तेव्हा आपल्या अंगणापुरता तरी न्याय करण्याचा अधिकार त्यांना होता आणि तो त्यांनी बजावला. त्यातील धोका मात्र लहान नव्हता. त्या पाण्याला सर्वांचा हात लागला, म्हणजे जातीच्या नियमाप्रमाणे ते घरच बाटले. आप्तांनी आणि जातभाईंनी पाठ फिरविली तरी पाठ फिरविणाऱ्यांची त्यांनी पर्वा केली नाही. जोतीरावांच्या चरित्रात समारंभ पुष्कळ आहेत आणि ग्रंथही पुष्कळ आहेत. परंतु त्या सर्वांहून हा हौद मोठा वाटतो.

याच घराने आणखीही काही माणसांना आसरा दिला. समाजाच्या भीतीने संकटात सापडलेल्या विधवांसाठी जोतीरावांनी 1863 साली एक आश्रयस्थान काढले होते. तेथे आलेल्या एका मातेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला आणि त्याचे नाव यशवंत ठेविले. हाच यशवंत पुढे डॉक्टर झाला.

शाळा चालविण्यास पैसा लागे, म्हणून जोतीराव बांधकामाची कंत्राटे घेत. धातूच्या ओतकामास लागणारे सामान विकण्याचा त्यांचा व्यापारही होता. तरी मातीची ओढ सुटली नाही. खडकवासल्याचे धरण झाले आणि कालव्याचे पाणी शेतांपर्यंत येऊन ठेपले, तेव्हा ते पाणी घ्यावयास शेतकरी धजत नव्हते. नवी गोष्ट, पाणीपट्टीचा खर्च. न जाणो, जमीनच बिघडली तर काय, अशी त्यांना शंका येई. जोतीरावांनी पुण्याजवळ मांजरी येथे जमीन घेतली आणि कालव्याच्या पाण्यावर भाजीपाला व फळबाग करून दाखविली. उपदेश करण्यापेक्षा पिकलेला मळा दाखविणे त्यांना अधिक पसंत होते.

1873 साली त्यांनी सत्यशोधक समाजाची स्थापना केली. 1876 ते 1882 या काळात ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. 1880 साली गव्हर्नर जनरल लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून शहर शृंगारण्यासाठी 1000 रुपये खर्चण्याचा ठराव आला. 32 सभासदांपैकी एकट्या जोतीरावांनी त्यास विरोध केला. हे पैसे गरिबांच्या शिक्षणास द्यावेत, असे त्यांचे म्हणणे होते. फुलांच्या धंद्यात वाढलेला हा माणूस, पण लोकांच्या पैशातून उभारलेल्या कमानी त्याला नको होत्या. शहरात मोठी मंडई बांधण्यासही त्यांनी याच कारणाने हरकत घेतली होती. मंडई झालीच आणि गंमत अशी की, पुढे तिला महात्मा फुले यांचेच नाव देण्यात आले.

1883 साली जोतीरावांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ हा ग्रंथ लिहिला. नाव कठोर आहे आणि आतील मजकूरही कठोर आहे. परंतु त्यात रागाच्या जोडीने माळ्याचे शहाणपणही आहे. डोंगरावरचा पालापाचोळा आणि शेणमूत पावसाच्या पाण्याबरोबर शेतात येते आणि जमिनीचे खत होते, म्हणून ते सत्त्व वाहून जाऊ नये यासाठी जागोजाग ताली व बंधारे घालावेत, असे त्यांनी सुचविले. तळ्यांतील व नद्यांतील गाळ शेतकऱ्यांना नेऊ द्यावा, पाणी मुरेल अशी व्यवस्था करावी, चांगले पीक काढणाऱ्यांस बक्षिसे द्यावीत, असेही त्यांनी लिहिले.

1888 सालच्या मार्च महिन्यात पुण्यात राणी व्हिक्टोरियाचे पुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ एक मेजवानी झाली. जरीचे पोशाख आणि दागिने यांनी सभागृह झगमगत होते. जोतीराव मात्र साध्या शेतकऱ्याच्या वेषात तेथे गेले. हे श्रीमंत पाहुणे म्हणजे हिंदुस्थान नव्हे, खेड्यापाड्यांतील अर्धपोटी माणसेच खरी प्रजा होत, आणि त्यांच्या शिक्षणाची सोय करावी हे आपल्या मातोश्रींना कळवावे, असे त्यांनी राजपुत्रास स्पष्टपणे सांगितले. त्याच वर्षी 11 मे रोजी मुंबईच्या जनतेने मोठी सभा भरवून त्यांना महात्मा ही पदवी अर्पण केली.

त्यानंतर दोनच महिन्यांनी त्यांना पक्षाघात झाला आणि उजवे अंग लुळे पडले. हाती घेतलेला ‘सार्वजनिक सत्यधर्म’ हा ग्रंथ त्यांनी डाव्या हाताने लिहून पुरा केला. 28 नोव्हेंबर 1890 रोजी त्यांचे देहावसान झाले.

आपला देह जाळू नये, मीठ घालून घराच्या मागील जागेतच पुरावा, अशी त्यांची इच्छा होती. त्यासाठी त्यांनी खड्डाही खणून ठेविला होता. परंतु वस्तीच्या जागी दफन करण्यास नगरपालिकेच्या अधिकाऱ्यांनी परवानगी दिली नाही. देहाचे दहन करावे लागले. दत्तक पुत्राच्या हक्काविषयी भाऊबंदांनी वाद काढला, तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे हाती धरले आणि त्या प्रेतयात्रेपुढे चालल्या. मागाहून अस्थी गंज पेठेतील घरी आणण्यात आल्या. त्या आवारात पुरल्या आणि त्यांवर तुळशीवृंदावन बांधले. ते तेथे आजही आहे.