फॅरेडे : लोहाराचा मुलगा आणि बॅटरीचे गणित

मार्कंड्याला महाशिवरात्रीची जत्रा भरली की वैनगंगेच्या काठी रात्रभर दिवे जळतात. कुठे जनरेटर धडधडतो, कुठे बॅटरीवर भागते. या दोन्हींमागचे नियम एकाच माणसाने शोधले, हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही.

मायकेल फॅरेडे १७९१ साली लंडनजवळ एका लोहाराच्या घरी जन्मला. शाळा जेमतेम झाली. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करताना बांधायला आलेली पुस्तके तो वाचून काढी. पुढे रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीची व्याख्याने ऐकून त्याने टिपणे काढली, ती बांधून त्यालाच पाठवली आणि १८१३ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मदतनीस म्हणून नोकरी मिळवली. डेव्हीसोबत युरोपात फिरताना त्याला गड्यासारखे राबावे लागले, पण त्याच प्रवासात विद्युतघट बनवणाऱ्या व्होल्टाची भेट झाली.

१८३१ च्या शरद ऋतूत त्याने तारेच्या वेटोळ्यात चुंबक आतबाहेर केले. चुंबक हलत असेल तोवरच वीज वाहते, थांबले की बंद. आज इंजिनला जोडलेला अल्टरनेटर याच तत्त्वावर चालतो. फरक एवढाच की त्यातली वीज उलटसुलट वाहते आणि बॅटरीला ती एकाच दिशेने लागते, म्हणून मध्ये डायोड बसवतात.

दोन-तीन वर्षांतच त्याने दुसरा नियम मांडला: द्रावणातून जितकी वीज जाईल, तितकाच रासायनिक बदल होतो. शिसे-आम्लाची बॅटरी प्लांतेने १८५९ मध्ये बनवली, पण तिचा हिशेब याच नियमाने चालतो. १०० अँपिअर-तासांची बॅटरी अर्धी रिकामी असेल, तर निदान ५० अँपिअर-तास परत घालावे लागतात. ५० अँपिअरचा अल्टरनेटर तासाभरात हे करील, असे वाटते खरे. पण बॅटरी भरत जाते तसा ती कमी प्रवाह घेते आणि शेवटचा भाग भरायला कित्येक तास जातात. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’वरून कमांडर दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. अशा शिडाच्या बोटीला वारा पुढे नेतो, पण दिवे, रेडिओ आणि दिशादर्शक यंत्रे बॅटरीवरच चालतात. थोडा वेळ इंजिन चालवून ती भरली असे समजणारा खलाशी फसतो. सतत अर्धवट भरलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण थर बसतात आणि तिची ताकद कायमची घटते.

फॅरेडेची स्वतःची ताकद पन्नाशीच्या आतच ओसरू लागली. भोवळ येई, स्मरणशक्ती दगा देई. १८४१ मध्ये विश्रांतीसाठी त्याला स्वित्झर्लंडला जावे लागले. परतल्यावर तो पुन्हा कामाला लागला. प्रयोगवहीतल्या परिच्छेदांना तो आधीपासून क्रमांक देत असे. विसराळूपणात ती सवय फार उपयोगी पडली असणार.

दीपगृहांचा सल्लागार म्हणून तो समुद्राशी अनेक वर्षे जोडलेला राहिला. १८५८ मध्ये साउथ फोरलंडच्या दीपगृहात चुंबकीय यंत्रावरचा विजेचा दिवा लागला. १८६० च्या हिवाळ्यात, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, रस्ते बर्फाने बंद असताना तो शेते आणि कुंपणे ओलांडून तिथे पाहणीला पोहोचला. २५ ऑगस्ट १८६७ रोजी हॅम्प्टन कोर्टच्या घरी, खुर्चीत बसल्या बसल्याच, त्याचे निधन झाले.