केशवरावांची शिल्लक

बँकेत असताना मदतनिधीच्या खेळांचे हिशेब मी पुष्कळ तपासले. खर्च वजा जाता उरले किती, एवढेच पाहायचे. केशवराव भोसल्यांचा हिशेब मात्र मला कधी जुळला नाही. १८९० साली कोल्हापुरात जन्मलेला हा मुलगा बालवयातच नाटकात गेला. १९०८ मध्ये त्याने ‘ललितकलादर्श’ काढली. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त ‘मानापमान’ झाले. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. दोन प्रतिस्पर्धी कंपन्या त्या रात्री एक झाल्या. तीन महिन्यांतच, ४ ऑक्टोबरला, केशवराव गेले. वय अवघे एकतीस.

त्यांच्या नावाचे आमचे नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ रोजी, जयंतीच्या आदल्या रात्री, जळाले. कोल्हापूरकर हळहळले. शंभर वर्षांपूर्वीच्या गायकाची ही शिल्लक कोणत्या खात्यात मांडायची?