कोलॅजेनचा पीळ

हृदय म्हटलं की आपल्याला स्नायू आठवतो. पण त्या स्नायूच्या पेशींना जागच्या जागी धरून ठेवते ती भोवतालची प्रथिनांची जाळी, आणि या जाळीतलं मुख्य प्रथिन म्हणजे कोलॅजेन. हार्ट अटॅकनंतर मेलेल्या स्नायूच्या जागी कोलॅजेनचाच व्रण भरतो. तो कच्चा राहिला तर हृदयाची भिंत फाटू शकते. उलट जाळी फार दाट झाली तर हृदय ताठरतं, रक्तानं नीट भरतच नाही. या कोलॅजेनची रचना मद्रासमध्ये बसून उलगडली जी. एन. रामचंद्रन यांनी.

जन्म १९२२ चा, एर्नाकुलमचा. बंगळूरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत ते गेले इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंग शिकायला. तिथे सी. व्ही. रामन यांनी त्यांना भौतिकशास्त्राकडे ओढलं. (ब्रांच बदलायची की नाही या विचारात असलेल्यांनी नोंद घ्यावी!) पुढे केंब्रिजची पीएच.डी. आणि १९५२ मध्ये, तिशीच्या उंबरठ्यावर, थेट मद्रास विद्यापीठात प्राध्यापकी.

कोलॅजेनचा नाद लागला तो ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल यांच्या भेटीनंतर. प्रयोगासाठी एकदम सरळ धाग्यांचं कोलॅजेन हवं होतं. ते मिळालं कांगारूच्या शेपटीच्या कंडरेत. त्यातून क्ष-किरण पाठवून मिळालेल्या ठिपक्यांवरून त्यांनी आणि गोपीनाथ कर्था यांनी १९५४ मध्ये 'नेचर'मध्ये मांडलं, की कोलॅजेनमध्ये तीन साखळ्या असतात. पुढच्याच वर्षी त्यांनी दाखवलं, की या तिन्ही दोरीसारख्या एकमेकींभोवती पिळलेल्या आहेत. पीळ इतका घट्ट, की दर तिसऱ्या जागी ग्लायसिन हे सगळ्यात छोटं अमिनो आम्लच मावतं.

आणि मग आली टीका. तीही फ्रान्सिस क्रिक आणि अलेक्झांडर रिच यांच्याकडून. डीएनएच्या शोधानंतर क्रिकच्या शब्दाला केवढं वजन असेल! साखळ्यांमधल्या हायड्रोजन बंधांबद्दल मतभेद होते, शिवाय या रचनेत काही अणू एकमेकांच्या फारच जवळ आलेत असा आक्षेप. तीन साखळ्यांची मूळ कल्पना टिकली, पण तपशिलात बदल झाले. एखादा इथेच खचला असता. रामचंद्रन यांनी मात्र वेगळाच प्रश्न धरला: फार जवळ म्हणजे नक्की किती जवळ? त्यांनी आधी छापून आलेल्या स्फटिकांच्या रचना धुंडाळल्या. मानलं जात होतं त्याहून कमी अंतरावरही अणू गुण्यागोविंदानं नांदत होते. मग प्रथिनाची साखळी कुठल्या कोनांत वळू शकते आणि कुठे अणू आपटतात, याचा अख्खा नकाशाच त्यांनी व्ही. शशिशेखरन आणि सी. रामकृष्णन यांच्यासह १९६३ मध्ये तयार केला. बायोकेमिस्ट्रीच्या पुस्तकात भेटतो तो हाच 'रामचंद्रन प्लॉट'. माझ्या मते कोलॅजेनपेक्षाही हे काम मोठं.

१९७१ मध्ये ते बंगळूरूला परतले. नोबेल मिळालं नाही. शेवटची वर्षं पार्किन्सन्सशी झगडण्यात गेली आणि ७ एप्रिल २००१ रोजी ते वारले.

आज हृदयाच्या ऊतीतलं कोलॅजेन तपासताना त्याचे एन्झाइमनं तुकडे करतात आणि मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये प्रत्येकाचं वस्तुमान काढतात. कोलॅजेनमधल्या बऱ्याच प्रोलिनला एकेक जादा ऑक्सिजन चिकटलेला असतो. त्यानं तिहेरी पिळाला बळकटी येते आणि तुकड्याचं वजन दर ऑक्सिजनमागे १६ एककांनी वाढतं. कॉम्प्युटरला हे १६ आधीच सांगून ठेवलं नाही, तर हृदयातलं बरंचसं कोलॅजेन त्याला दिसतच नाही.