फ्रांस्वा व्हिएत

फ्रांस्वा व्हिएत (१५४० – २३ फेब्रुवारी १६०३) हे सोळाव्या शतकातील फ्रेंच गणितज्ञ व कायदेपंडित होते. समीकरणातील अज्ञात राशींप्रमाणेच ज्ञात राशींसाठीही अक्षरे वापरण्याची पद्धतशीर रीत त्यांनी रूढ केली. त्यामुळे शाब्दिक उदाहरणाचे रूपांतर सर्वसाधारण बैजिक राशीत करणे शक्य झाले. फ्रांसिस्कस व्हिएटा या लॅटिन नावानेही ते ओळखले जातात.

जीवन

व्हिएत यांचा जन्म पश्चिम फ्रान्समधील फोंतने-ल-कोंत या गावी झाला. त्यांचे वडील वकील होते. पोआतिए येथे कायद्याचे शिक्षण घेऊन व्हिएत यांनीही वकिली सुरू केली. १५६४ पासून ते एका प्रॉटेस्टंट सरदार घराण्याच्या सेवेत होते व तेथे त्यांनी कातरीन द पार्तने या मुलीला शिकवले. पुढे आपला प्रमुख ग्रंथ त्यांनी तिलाच अर्पण केला. १५७३ मध्ये ब्रिटनी प्रांताच्या उच्च न्यायालयात त्यांची नेमणूक झाली आणि १५८० मध्ये ते पॅरिसला राजसेवेत आले.

फ्रान्समध्ये त्या वेळी कॅथलिक व प्रॉटेस्टंट पंथीयांत यादवी युद्ध चालू होते. प्रॉटेस्टंटांशी असलेल्या संबंधांमुळे, कॅथलिक संघाच्या दबावाखाली १५८४ च्या अखेरीस त्यांना दरबारातून दूर करण्यात आले. पुढील सुमारे चार वर्षे त्यांनी समुद्रकाठच्या बोव्ह्वार-स्युर-मेर परिसरात काढली. गणित हा त्यांचा व्यवसाय कधीच नव्हता. परंतु या सक्तीच्या विजनवासात त्यांना गणितासाठी सलग वेळ मिळाला व नव्या बीजगणिताची मांडणी आकारास आली.

१५८९ मध्ये तिसऱ्या हेन्रीने त्यांना तूर येथे परत बोलावले. त्याच वर्षी राजाचा खून झाला आणि व्हिएत चौथ्या हेन्रीच्या सेवेत राहिले. स्पेनच्या राजाकडे जाणारी सांकेतिक लिपीतील पत्रे पकडली जात. ती उलगडण्याचे काम त्यांच्याकडे होते व ते त्यांनी यशस्वीपणे पार पाडले. प्रकृती ढासळल्यावर ते सेवेतून निवृत्त झाले व पॅरिस येथे त्यांचे निधन झाले.

बीजगणितातील कार्य

व्हिएत यांच्या आधी अज्ञात राशीसाठी चिन्हे वापरली गेली होती. भारतात भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात यावत्तावत्, कालक, नीलक अशा संज्ञांची आद्याक्षरे वापरली होती. युरोपातही अज्ञात राशीसाठी खुणा होत्या. मात्र दिलेल्या राशी सामान्यतः संख्यांनीच लिहिल्या जात. परिणामी प्रत्येक उदाहरण स्वतंत्रपणे सोडवावे लागे आणि नियम शब्दांत सांगावा लागे.

१५९१ मध्ये तूर येथे प्रसिद्ध झालेल्या ‘इन आर्तेम अनालितिकेम इसागोगे’ या ग्रंथात त्यांनी अज्ञात राशींसाठी स्वर व ज्ञात राशींसाठी व्यंजने योजली. उदाहरणाचे त्यांनी तीन टप्पे मानले: शब्दांतील माहितीवरून समीकरण मांडणे, त्याची सत्यता तपासणे आणि उत्तर काढणे. यांपैकी पहिला टप्पा म्हणजेच आज शाळेत शिकवले जाणारे शाब्दिक विधानाचे बैजिक रूपांतर होय.

त्यांच्या ‘झेतेतिका’ या ग्रंथातील पहिला प्रश्न याचे सोपे उदाहरण आहे. दोन राशींची बेरीज व वजाबाकी दिली असता त्या राशी शोधावयाच्या आहेत. लहान राशी ए, वजाबाकी बी आणि बेरीज डी मानल्यास मोठी राशी ए + बी होते. दोहोंची बेरीज २ए + बी असून ती डी एवढी आहे. म्हणून ए ही राशी डी वजा बी यांच्या निम्मी येते. वजाबाकी ४० व बेरीज १०० असल्यास राशी ३० व ७० मिळतात. संख्या बदलल्या तरी रीत तीच राहते, कारण उत्तर येथे सूत्राच्या रूपात मिळालेले असते.

हे रूपांतर अद्याप पूर्ण नव्हते. वर्ग व घन यांसाठी व्हिएत ‘क्वाद्रातुम’ व ‘कुबुस’ हे शब्दच लिहीत आणि समानताही शब्दानेच दर्शवीत. लांबीत क्षेत्रफळ मिळवता येत नाही, या विचाराने समीकरणातील सर्व पदे एकाच मितीची असावीत असा त्यांचा नियम होता. समीकरणाची मुळे व सहगुणक यांच्यातील संबंध दाखवणारी सूत्रे आज त्यांच्या नावाने ओळखली जातात.

इतर कार्य

१५७९ मध्ये त्यांनी त्रिकोणमितीची कोष्टके प्रसिद्ध केली. १५९३ मध्ये पायची किंमत अनंत गुणाकाराच्या रूपात मांडली. त्याच वर्षी आद्रियान व्हान रोमेन यांनी जगातील गणितज्ञांपुढे ४५ व्या घाताचे समीकरण ठेवले होते. व्हिएत यांनी त्यात कोनाचे ४५ समान भाग करण्याचा प्रश्न दडलेला असल्याचे ओळखले व त्याची २३ धन उत्तरे दिली.

वारसा

त्यांचे लेखन फ्रान्स व्हान स्कूटेन यांनी १६४६ मध्ये एकत्रित प्रसिद्ध केले. त्याआधी, १६३७ मध्ये, रने देकार्त यांनी वर्णमालेतील शेवटची अक्षरे अज्ञात राशींसाठी व सुरुवातीची ज्ञात राशींसाठी वापरली आणि घातांक अंकांनी लिहिले. स्वर-व्यंजनांची योजना मागे पडली. ज्ञात राशीलाही अक्षर देण्याची व्हिएत यांची कल्पना मात्र टिकून राहिली.