वालचंदशेठ आणि माझं मस्टर

आमच्या शिरोली एमआयडीसीत एखादा इंजिनियर हुशार निघाला, की लोक लगेच म्हणतात, हा वालचंदचा आहे. म्हणजे सांगलीच्या वालचंद कॉलेजचा. पण ज्यांच्या नावाचं हे कॉलेज, ते वालचंद कोण, हे मलाही ठाऊक नव्हतं. एमआयडीसीत माझं फेटलिंगचं कॉन्ट्रॅक्ट आहे. फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगच्या कडा आमची माणसं घासून देतात. गेल्या वर्षी दुसऱ्या एका फाउंड्रीचं काम चालून आलं. घ्यावं की नाही, या घोरात असताना वाचनालयातून वालचंदशेठचं चरित्र आणलं.

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म १८८२ चा, सोलापूरचा. घरचा व्यापार कापसाचा आणि सावकारीचा. शिक्षण अर्धवट सुटलं आणि पेढीवर बसावं लागलं. पण त्यांचं मन त्यात रमेना. रेल्वेत कारकुनी केलेले लक्ष्मणराव फाटक त्यांना भेटले आणि दोघांनी मिळून बार्शी लाइट रेल्वेचं काम घेतलं. फाटकांना रेल्वेच्या कामाची माहिती, तर वालचंदांकडे भांडवल उभं करायची हिंमत. एकाला जे येत नव्हतं, ते दुसऱ्याला येत होतं. या भागीदारीवरच पुढचा डोलारा उभा राहिला.

मग कामं वाढतच गेली. १९२६ साली त्यांनी हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी काढली. भोर घाटातले रेल्वेचे बोगदे त्यांच्याच माणसांनी खोदले. आपण मुंबईला रेल्वेने जाताना पोरं बोगद्यात ओरडतात ना, तोच घाट! त्याआधी १९१९ मध्ये सिंधिया कंपनीच्या उभारणीत पुढाकार घेऊन इंग्रज कंपन्यांच्या नाकावर टिच्चून जहाज लंडनला पाठवलं. इंदापूर तालुक्यातल्या माळरानावर साखर कारखाना आणि वालचंदनगर वसवलं. १९४० मध्ये बंगळुरात विमानांचा कारखाना, त्यापाठोपाठ विशाखापट्टणमला जहाजबांधणी, १९४४ मध्ये प्रीमियर मोटारींची कंपनी. वाचतानाच दम लागतो बाई!

हा सगळा पसारा एकट्याने थोडाच सांभाळला? गुलाबचंद, रतनचंद, लालचंद हे भाऊ धंद्यात होते. तरीही नवं काम अंगावर घ्यायची शेठजींची हौस काही कमी होत नव्हती. शेवटी शरीरानेच थांबवलं. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि १९५० मध्ये धंद्यातून निवृत्ती घ्यावी लागली. त्यानंतर पत्नी कस्तुरबाईंनी त्यांची शुश्रूषा केली. ८ एप्रिल १९५३ ला गुजरातेत सिद्धपूरला ते गेले.

हे शेवटचं पान मी दोनदा वाचलं. जहाजं, विमानं, मोटारी सगळं उभं करणाऱ्या माणसाला घरी निवांत बसायला मिळालं, ते आजारपणात. आणि माझं काय चाललं होतं? रात्री दहाला स्वयंपाकघराच्या ओट्यावर मस्टर उघडायचं, पीएफचे आकडे जुळवायचे. लेक दहावीची वही घेऊन शेजारी उभी राहायची आणि तशीच झोपायला जायची.

दुसरं काम मी घेतलं. पण आधी माझा फाटक शोधला! माझी धाकटी जाऊ बीकॉम झालेली, हिशेबाला पक्की. तिला पगारी नाही, भागीदार केलं. मस्टर आणि पीएफ तिच्याकडे, माणसं आणि मालाचा दर्जा माझ्याकडे. मुकादमालाही सांगून टाकलं, संध्याकाळी सातनंतर फोन फक्त कुणाला इजा झाली तरच.

पहिल्या महिन्यात नफ्याचा वाटा देताना हात जरा जड झाला, खोटं कशाला सांगू. पण आता रात्री ओट्यावर मस्टर नसतं, लेकीची वही असते.