पेनगंगेपलीकडचं आनंदवन आणि बाबा आमटे

आदिलाबाद : पेनगंगा ओलांडून पांढरकवडा-वणीमार्गे गेलं की चंद्रपूर जिल्ह्यातलं वरोरा लागतं. तिथंच आनंदवन आहे. कुष्ठरुग्ण आणि दिव्यांगांच्या मेहनतीवर उभं राहिलेलं हे गाव वसवलं मुरलीधर देवीदास आमटे, म्हणजेच सगळ्यांचे बाबा आमटे यांनी.

बाबांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाटला जमीनदार घरात झाला. पैशाची कमी नव्हती. शिकारीचा शौक, दिमतीला मोटार आणि पुढे चांगली चाललेली वकिली. वरोरा नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना सफाई कामगारांचे हाल कळावेत म्हणून त्यांनी स्वतः डोक्यावर मैला वाहिला. त्याच काळात एका पावसाळी रात्री गटाराजवळ पडलेला तुळशीराम हा कुष्ठरुग्ण त्यांना दिसला. हाताची बोटं झडलेली, अंगावर किडे. कुणाला न घाबरणारे बाबा त्या रात्री घाबरून घरी पळाले. मात्र ही भीती त्यांना स्वस्थ बसू देईना. ते परत गेले, तुळशीरामची सेवा केली. तो वाचला नाही, पण बाबांची वाट ठरली.

१९४६ मध्ये त्यांचं साधनाताईंशी लग्न झालं. १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली. कुष्ठरोगाचे उपचार शिकायला बाबा कलकत्त्याला जाऊन आले. १९५१ मध्ये सरकारकडून मिळालेल्या खडकाळ, झुडपी जमिनीवर आनंदवन सुरू झालं. हाताशी होते सहा रुग्ण, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि १४ रुपये. सोबत साधनाताई आणि विकास, प्रकाश ही दोन लहान मुलं.

आधी विहीर खोदली, मग शेती केली. भाजी पिकली, पण रोगाच्या धास्तीने घ्यायला कुणी तयार होईना. गोळ्यांनी रोग बरा व्हायचा, घर मात्र परत घेत नव्हतं. बाबांनी हे ओळखलं होतं. म्हणून त्यांनी भीक नाही, काम दिलं. शेती, दूध, हातमाग, सुतारकी असे धंदे उभे राहिले. पुढे आनंदवनात कॉलेज निघालं आणि एकेकाळी दूर पळणाऱ्या गावची पोरंच तिथं शिकायला आली. अंध मुलांसाठी शाळा झाली. १९७३ मध्ये माडिया गोंडांसाठी हेमलकसाचं काम सुरू झालं.

मणक्याच्या आजारामुळे बाबांना बसता येत नसे. तरीही १९८५ मध्ये त्यांनी कन्याकुमारी ते काश्मीर भारत जोडो यात्रा काढली. त्याच वर्षी मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनात त्यांचं निधन झालं. त्यांच्या इच्छेप्रमाणे देह दहन न करता तिथल्याच मातीत पुरण्यात आला.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कुष्ठरोगातून बरे झालेल्यांनाही जागा मिळाली. तेलंगणात दिव्यांगांना महिन्याला ४,०१६ रुपये पेन्शन आहे. सर्टिफिकेट आणि पेन्शन लागतेच. पण पेन्शनसोबत हाताला काम आणि गावात मानही लागतो, हे बाबांनी आपल्या शेजारच्या जिल्ह्यात करून दाखवलं.