जगदीशचंद्र, गॅलेना आणि मेसची ताटं

फायनल इयरला प्रोजेक्टचा विषय मिळाला तेव्हा आमच्या ग्रुपचे चेहरे बघण्यासारखे होते. टायटॅनियम डायऑक्साइडच्या नॅनोकणांत लोह मिसळायचं, म्हणजे डोपिंग करायचं, आणि ते कण उन्हात रंगाचं पाणी किती लवकर साफ करतात ते पाहायचं. शुद्ध कणांना फक्त अतिनील किरण चालतात. सूर्यप्रकाशात ते जेमतेम 4-5 टक्के. म्हणजे धाराशिवचं रणरणतं ऊन जवळजवळ फुकटच! डोपिंग हे विरजणासारखं असतं. चिमूटभर पुरतं, जास्त झालं की बिघडतं. आमचं पहिल्याच खेपेला बिघडलं. मेथिलीन ब्लू संध्याकाळपर्यंत निळं ते निळंच. त्यात लॅबमधला अतिनील दिवाही बंद.

त्या रात्री लायब्ररीतून आणलेलं जगदीशचंद्र बोस यांचं चरित्र वाचायला घेतलं, ते पहाटेच मिटलं.

1858 साली मैमनसिंगला जन्म. वडील सरकारी अधिकारी, तरी मुलाला त्यांनी आधी बंगाली शाळेतच घातलं. पुढे लंडनला वैद्यकी शिकायला गेले, पण तापाने बेजार झाले आणि ती सोडून केंब्रिजला विज्ञानाकडे वळले. 1885 ला कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले. भारतीय म्हणून पगार गोऱ्या प्राध्यापकांपेक्षा कमी. हा माणूस तीन वर्षं शिकवत राहिला, पण त्या पगाराला हात लावला नाही. घरावर कर्ज असताना! शेवटी सरकार नमलं, मागची सगळी बाकी मिळाली आणि ती कर्जात गेली. (इथे आमच्यात स्कॉलरशिप आठ दिवस लांबली तरी रूमवर सुतक असतं.)

धड प्रयोगशाळा नव्हती. एका चिंचोळ्या खोलीत, पत्र्याचं काम करणाऱ्या कारागिराकडून उपकरणं बनवून घेत त्यांनी काही मिलिमीटर लांबीच्या विद्युतलहरी निर्माण केल्या. 1895 ला टाऊन हॉलमध्ये त्या लहरींनी भिंतीपलीकडची घंटा वाजवली, बारूद उडवली.

पण मी अडकलो ते गॅलेनापाशी. गॅलेना म्हणजे शिशाचं खनिज. त्याच्या स्फटिकावर धातूचं टोक टेकवून त्यांनी लहरी टिपल्या. प्रकाशही त्यात टिपला जाई. त्याचा बँडगॅप साधारण 0.4 इलेक्ट्रॉन व्होल्ट, आमच्या पांढऱ्या भुकटीचा 3.2. म्हणून गॅलेनाला अवरक्त किरणही पुरतात. आणि स्फटिकावर प्रत्येक जागा चालत नाही, कारण अशुद्धी कुठे कमी, कुठे जास्त. निसर्गानेच केलेलं डोपिंग! हे सगळं समजावणारा अर्धवाहकांचा सिद्धांत विल्सन यांनी मांडला तो 1931 ला. बोसांनी पेटंटचा अर्ज केला होता 1901 ला, तोही मित्रांच्या आग्रहाखातर. 1904 ला अमेरिकन पेटंट मिळालं आणि त्यांनी ते सरळ लॅप्स होऊ दिलं. ज्ञान विकायचं नाही म्हणून. रूमपार्टनरला हे थोर वाटतं. मला विचाराल तर चुकलंच. त्या पैशात एक बरी प्रयोगशाळा लवकर झाली असती. त्यांची संस्था उभी राहायला 1917 उजाडलं. 1937 ला गिरिडीहला ते गेले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दिव्याचा नाद सोडला. लोहाचं प्रमाण पार खाली आणलं. हॉस्टेलच्या गच्चीवर मेसची तीन स्टीलची ताटं मांडली : एकात साधी भुकटी, एकात आमची पिवळसर, एकात ताळ्यासाठी नुसता रंग. दुपारी तीनला मधल्या ताटाचा तळ दिसायला लागला.

ती ताटं मेसला परत दिलेली नाहीत, काळजी नसावी. काका मात्र अजून शोधतायत.